शितळाईच्या कुशीवरचा निळा

१ फेब्रुवारी, रविवार

आज सकाळी मी अर्जुनचा हात मोडला.

त्याआधी जनूच्या अस्थी खाडीच्या तोंडाशी सोडल्या. धाकट्या भावाच्या अस्थी थोरल्याने सोडायच्या, हे उलटंच काम. परतताना भास्कर म्हणाला, "रघूभाऊ, होडी लागलीय वाळूला. बघून घ्या." भास्कर म्हणजे सुमनचा भाऊ, जनूचा मेव्हणा. गुरुवारी धुक्यात जनू एकटाच गेला होता. शुक्रवारी तो सापडला. काल भरतीने होडी आणून टाकली.

जनूची होडी, शितळाई, आडवी पडली होती. उजव्या कुशीला डोकं आत जाईल एवढं भगदाड, त्याच्यापुढे लांब ओरखडा, आणि ओरखड्यात निळा रंग. आमची होडी हिरवी. वरच्या आळीत निळी होडी कुणाचीच नाही. निळ्या फक्त खालच्या आळीतल्या अर्जुनच्या, दोन्ही. जाळी टाकायच्या जागेवरून दिवाळीत त्याचं आणि जनूचं वाजलेलं.

"हा अर्जुनचा रंग," मी म्हणालो. मोठ्याने. मासळीचा लिलाव चालू होता, सगळ्या बंदराने ऐकलं.

अर्जुन खालच्या अंगाला आपल्या होडीतलं पाणी उपसत होता. होडीला ताजा रंग. वाससुद्धा गेला नव्हता. भास्कर ओरडला, "बघा, रातोरात रंग मारला यानं!" अर्जुन म्हणाला, "होळीच्या आदी दरवर्षी मारतो. रघ्या, मी गुरुवारी दर्यात गेलोच नाय. देवीची आण."

त्याने देवीचं नाव घेतलं आणि माझं डोकं फिरलं. वल्हं हातात कसं आलं ठाऊक नाही. त्याने उजवा हात वर केला. वाळकी फांदी मोडावी तसा आवाज. दुसरा तडाखा खांद्यावर. तिसरा डोक्यावर बसायचा तो होडीच्या काठावर बसला आणि वल्ह्याचे दोन तुकडे झाले. तो जिवंत आहे तो त्यामुळे. माझ्यामुळे नाही.

सुतक आहे. देवाला हात लावायचा नाही. बरंच आहे.

२ फेब्रुवारी

पोलीस येऊन गेले. जनूचं त्यांनी धुक्यातला अपघात म्हणून लिहून घेतलं. अर्जुनच्या हाताचं विचारलं तर बंदरावर कुणीच काही बघितलेलं नाही. अर्जुन स्वतः म्हणाला, पाय घसरला, होडीत पडलो.

भास्करला विचारलं, अर्जुन असं का म्हणाला. भास्कर हसला. "मी निरोप धाडलेला. पोरगा रोज दर्यात जातो ना तुजा, म्हटलं."

जेवताना वल्ह्याच्या झिणझिण्या अजून कोपरापर्यंत येतात.

५ फेब्रुवारी

अर्जुनची जाळी जाळली. भरदुपारी, वाळूवर, सगळ्यांसमोर. नायलॉन पेटत नाही, वितळतं. काळे गोळे होऊन टपकतं आणि टपकताना फुरफुरतं. अर्जुनची बायको कमळ बादलीने पाणी मारत होती. भास्करच्या एका माणसाने बादलीला लाथ घातली, मग तिच्या पाठीत घातली. ती उठली आणि त्याच्या हाताला चावली. तिघांनी मिळून सोडवली. तोंडाला रक्त, त्याचं.

मी उभा होतो. मला बघून ती म्हणाली, "तुजी बी काय तरी जळंल रे, रघू. बघत रहा."

बर्फवाल्याने अर्जुनला बर्फ द्यायचं बंद केलंय. लिलावात त्याच्या टोपलीवर कुणी बोली लावत नाही. हे कुणी ठरवलं नाही. मी एक वाक्य बोललो, बाकी आपोआप.

११ फेब्रुवारी

सुतक फिटलं. आंघोळ करून देव्हाऱ्यासमोर बसलो. काडी ओढली, विझली. दुसरी ओढली. दिवा लागला, पण हात जोडावेसे वाटेनात. उजवा हात मांडीखाली घेऊन बसून राहिलो.

सुमन दारात आली. "भाऊजी, तुमाला फायबरचं काम येतं. होडी नीट करा. होळीच्या पूजेला ती पाण्यात पायजे."

बोईसरच्या कंपनीत ॲसिडच्या टाक्यांना आतून फायबरचं अस्तर देण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. होडीला काय, तेच रेझिन, तीच फायबरची मॅट. रजा वाढवून घेतली.

भास्कर मागेच उभा होता. त्याला आणखी हवं आहे. नाकाडाला, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाला, आतून लोखंडी पट्टी बसवायची, वरून फायबर मारायचं, दिसू द्यायचं नाही. होळीच्या सकाळी सगळ्या होड्या सजवून निघतात, त्या गर्दीत शितळाई अर्जुनच्या होडीवर घालायची. अर्जुनचा हात गेला, आता त्याचा मुलगाच होडी चालवतो. "धुक्यात होतं, तसं उन्हात बी होतंय अपघात," म्हणाला.

सुमन खाली बघत होती. मी हो म्हणालो.

१४ फेब्रुवारी

कामाला लागलो. होडी उलटी करायला आळीतले दहाबारा जण आले. कुणीही बोलावलं नव्हतं. लाकडाच्या ओंडक्यांवर पालथी घातली, वर ताडपत्री.

ही होडी मुळात मासेमारीची नव्हेच. मुंबईच्या एका हौशी साहेबाची शिडाची नाव. त्याचा शौक संपला, जनूने घेतली. लोक हसले होते. "शिडावर बोंबील आणतोस काय रं?" पण वारा असला की तो इंजिन बंद ठेवायचा, डिझेल वाचवायचा. आवाज न करता बंदरात शिरायचा आणि एकदम हाळी द्यायचा. बायका दचकायच्या, शिव्या द्यायच्या. हे सगळं आठवत ग्राइंडर चालवला. भगदाडाच्या कडा मऊ झालेल्या, त्या कापून काढाव्या लागतात, धड भाग लागेपर्यंत. चाक लागलं की किंचाळतं. पांढरी धूळ मानेत, दंडात, पापण्यांत. खाजवलं की जास्त घुसते. संध्याकाळी अंगावर रक्ताचे बारीक ठिपके.

बरं वाटलं. कुणालातरी मारत असल्यासारखं, आणि कुणी अडवत नाही.

१६ फेब्रुवारी

भास्कर मदतीला येतो म्हणून त्याच्यावर खेकसलो. एका हातात कोबाल्टची बाटली, दुसऱ्यात हार्डनर, दोन्ही एकाच डब्यात ओतायला निघालेला. ही दोन एकमेकांत थेट गेली तर भडका उडतो. आधी रेझिनमध्ये एक मुरवायचं, मग दुसरं घालायचं. आमच्या कंपनीत एकाचा चेहरा गेला होता. "मंग विकतात कशाला शेजारी शेजारी?" म्हणाला.

दुपारनंतर भगदाडाच्या आत हात घालून साफ करताना बोट कापलं. फायबर असेल म्हणून चिमट्याने ओढलं तर कालवाची कपची. खडकावर चिकटलेलं असतं ते कालव. अशा पाचसात निघाल्या, फायबरच्या धाग्यांत घट्ट रुतलेल्या. दाबाने गेलेल्या.

होडीच्या अंगावर एवढ्या वर कालवं धरत नाहीत. ना आमच्या, ना अर्जुनच्या.

भास्करला दाखवल्या. तो म्हणाला, "नंतर वाहत आली तवा खडकाला घासली असंल. आदी त्यानं मारलं, मंग खडकानं." खरं आहे, असंही होऊ शकतं. मी मान हलवली. कपच्या फेकल्या.

रात्री बोट ठणकलं.

१९ फेब्रुवारी

भोक भरलं. मॅटचे पाच थर. चांगलं वाळलं, ठोकून बघितलं, आवाज घट्ट येतो.

आता रंगाच्या आधी घासाई. आपल्याकडे घासत कोण बसतं? होळीला नाही तर नारळी पुनवेला वरून नवा हात मारायचा, झालं. जुना रंग काढणं म्हणजे होडीचं कातडं सोलणं, असं आमचा बापूस म्हणायचा. जनूनेही कधी काढला नसणार. पण नव्या फायबरला जुना फुगलेला रंग पकड देत नाही, टाकीच्या कामात हे शिकलो, म्हणून डाव्या बाजूने पॉलिश पेपर लावला. डावी बाजू. जिला काही लागलेलं नाही.

हिरवा गेला. खाली पांढरा. त्याच्याखाली पुन्हा हिरवा, जरा फिका. मग पिवळा. आणि पिवळ्याखाली निळा.

मी थांबलो. वाटलं, पेपरला चिकटून आला असेल. नवा पेपर घेतला. हात टेकवून गोल घासलं. बशीएवढा निळा उघडा पडला. त्याच्याखाली थेट फायबर.

मागच्या बाजूला घासलं. निळा. नाकाडाला. निळा. देवीचं नाव लिहिलंय त्याच्या शेजारी. निळा. सगळ्या होडीला सगळ्यात आतून निळा, साहेबाच्या वेळचा, कारखान्यातून आलेला. खडकाने कूस फाडली तेव्हा वरचे थर उडाले आणि आतला वर आला. बाहेरून काही लागलंच नव्हतं.

मग ताडपत्री ओढून चारी बाजूंनी दगड ठेवले.

२० फेब्रुवारी

सुमनला विचारलं, होडी आणली तेव्हा रंग कोणता होता?

"पिवळी धम्मक. ह्यांना आवडली नाय म्हणून आल्या आल्या हिरवी केली. का?"

सांगितलं. ती बोंबील साफ करत होती. ऐकतानाही हात थांबला नाही. डोकं, पोट, डोकं, पोट.

मग म्हणाली, "मंग कुणी मारलं त्याला?"

खडकाने, मी म्हणालो. धुक्याने.

"खडकाच्या दारात जाऊन शिव्या देऊ मी?" सुरी ताटात आपटली. "रोज सकाळी उठून अर्जुनचं तोंड आठवते, त्यावर उठते मी. कळतंय तुमाला? नायतर उठवत नाय मला. माझ्यापुरता तो निळा अर्जुनचाच राहू दे."

मी तिथून हललो नाही म्हणून तिने ताट माझ्या अंगावर फेकलं. सुरी चौकटीवर लागून खाली पडली. पोटातली घाण शर्टावर. तसाच विहिरीवर गेलो.

२२ फेब्रुवारी, रविवार

भास्करला होडीजवळ नेलं. ताडपत्री उचलली, चारी ठिकाणचा निळा दाखवला. त्याने बोटाने चाचपला. नखाने खरवडला. समजलं त्याला, लगेच समजलं. डोळ्यांत दिसलं.

"कुणी बघितलं?"

"सुमनला सांगितलंय."

"बास. आता कुणाला नाय." हिरव्या रंगाचे डबे त्याने आणूनच ठेवले होते. एक उघडला. "मारून टाका वरून. उद्याच्या उद्या."

मी म्हटलं, माणूस निर्दोष आहे. त्याचा हात गेला. पालघरला नेऊन आत सळई घातली म्हणे, मूठ वळत नाही.

"हात तुमी मोडला, रघूभाऊ. मी नाय." हे त्याने हळू, समजावल्यासारखं सांगितलं. "जाळी आमी जाळली. त्याच्या बायकोला मारलं. हे बोललात तर आख्खी आळी आत जाईल, तुमी पहिले. आणि अर्जुन काय धुतल्या तांदळाचा नाय. जनूची जाळी त्यानं कापलीच होती दिवाळीला."

मग कॉलर धरली. माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान. डोकं होडीवर आपटलं, तिथेच जिथे मी घासलं होतं. एकदा. फार जोरात नाही. आठवण राहावी एवढं. "पट्टी उद्या घेऊन येतो," म्हणाला आणि डबा उघडाच ठेवून गेला.

म्हणजे होळीचा बेत अजून आहे. अर्जुनने काही केलेलं नाही हे कळूनसुद्धा आहे. हे मला समजायला अर्धी रात्र गेली. आता त्याला सूड नको आहे. आपण खरे होतो असं दिसायला हवं आहे, आणि त्यासाठी एक मुलगा मेला तरी चालेल.

२३ फेब्रुवारी

अर्जुनकडे गेलो. खालच्या आळीत पाऊल टाकल्यापासून दारं लागत गेली. कमळने बघितलं, काही न बोलता मासे धुतलेल्या पाण्याचं घमेलं उचललं आणि तोंडावर मारलं. "बस आता," आतून अर्जुन म्हणाला, ते तिला की मला कळलं नाही. मी उंबऱ्याबाहेर बसलो.

हात गळ्यात बांधलेला. बोटं सुजून वांग्यासारखी. सगळं सांगितलं. कालवाच्या कपच्या, पिवळ्याखालचा निळा, लोखंडी पट्टी, त्याचा मुलगा. मुलाला होळीला दर्यात पाठवू नकोस म्हणालो.

तो ऐकत होता. शेवटी म्हणाला, "संपलं?"

हो म्हणालो.

"पोराला घरात ठेवू. आनी मग काय? पुढच्या होळीला बी ठेवू? बायकांवानी दाराआड बसवू?" मग वाकून जवळ आला. "माजं नाव कुठं घेतलंस तू, रघ्या?"

"बंदरावर."

"लिलाव चालू होता."

"हो."

"मंग माज्या दारात काय बसलायस? तिथं सांग. तवाच्या वेळेला, तवाच्या आवाजात."

माफी मागायला तोंड उघडलं. कमळ म्हणाली, "ती नको. ती तुज्या देवीला दे."

२४ फेब्रुवारी

पहाटे बंदरावर गेलो. टोपल्या आल्या. लिलाव सुरू झाला. लोक माझ्याशी नेहमीसारखे बोलले, एकाने चहा दिला. भास्कर माझ्या खांद्यावर हात ठेवून उभा होता. चहा प्यालो आणि परत आलो.

देव्हाऱ्यासमोर बसलो. मागायला गेलो की आई, मला बळ दे. मग लाज वाटली. वल्हं उचलताना बळ मागायला गेलो नव्हतो, तेव्हा पुरेसं होतं.

पट्टी होडीपाशी आणून टाकलीय. वीतभर रुंद, एका टोकाला धार केलेली.

२५ फेब्रुवारी

दिवसभर घासलं. आता ताडपत्री न घालता. डावी बाजू पूर्ण, मग उजवी, मग मागचं अंग. हिरवा, पांढरा, पिवळा, सगळा उतरवला. पेपर संपले तेव्हा ग्राइंडर लावला. हिरव्या धुळीने थुंकी हिरवी झाली. येणारे जाणारे थांबून बघत होते. "रघूभाऊ, सोलताय की काय हिला?" एकाने विचारलं. दुसरा निळ्याकडे बघून झपझप निघून गेला.

संध्याकाळी शितळाई नाकाडापासून मागपर्यंत निळी. फक्त उजव्या कुशीला माझं नवं ठिगळ.

सुमन लांबून बघून गेली. जवळ आली नाही. घरी माझं ताट वाढून झाकून ठेवलेलं होतं. कालपर्यंत वाढत नव्हती.

२६ फेब्रुवारी, गुरुवार

डाव्या डोळ्याने नीट दिसत नाही, ओळी वाकड्या येतील.

लिलाव ऐन रंगात असताना टोपल्यांच्या मधोमध उभा राहिलो. म्हणालो, "अर्जुननं जनूला मारलं नाय. ओरखड्यातला निळा आमच्याच होडीचा. खोटं वाटत असेल त्यानं वर जाऊन बघा, मी सगळी सोलून ठेवलीय. जनू खडकावर गेला. माझ्या शब्दावर तुमी जाळी जाळली. आणि अर्जुन होडीत घसरून पडला नाय. त्याचा हात मी मोडला, इथंच, तुमी सगळे होता."

कुणीतरी म्हणालं, "सकाळी सकाळी प्यायला काय रं?" दोघेतिघे हसले. हसू पुढे गेलं नाही.

अर्जुन खालच्या अंगाला उभा होता, कमळ शेजारी. ती ओरडली, "ऐकू नाय आलं! मोठ्यानं बोल!"

पुन्हा पहिल्यापासून बोललो. मोठ्याने. होळीच्या बेताचंही सांगितलं, पट्टीचंही, भास्करचं नाव घेऊन. तेवढ्यात तो आला. पहिला ठोसा डोळ्यावर, दुसरा जबड्यावर. पडलो बर्फाच्या पाण्यात. मग लाथा. एक, दोन मोजल्या, पुढे मोजता आल्या नाहीत. मी हात वर केले नाहीत, असं लिहिलं तर खोटं होईल. केले, दोन्ही. अर्जुननेही केला होता.

बायकांनी सोडवलं, टोपल्या मध्ये घालून. डोळे उघडले तेव्हा अर्जुन पाठमोरा चालत जात होता. जवळ आला नाही. माणसं दोन घोळक्यांत उभी होती. काही वर होडीकडे निघालेली, काही भास्करभोवती. त्यातले कोणते जास्त, ते मला खालून दिसत नव्हतं.

सुमनने दंडाला धरून उठवलं. दारात म्हणाली, "भास्कर सांजचा येणार. माणसं घेऊन." थोडं थांबून, "पोलिसांकडं जायचं तर आत्ता जा, भाऊजी. रिक्षा मी थांबवलीय."

ताप आहे बहुतेक. जबडा उघडत नाही, चहासुद्धा कडेने ओतला. रिक्षा दारात उभी आहे. ठाण्यात बोलावं लागेल, ते कसं जमणार माहीत नाही. लिहून देईन. बंदरावर मात्र तोंडानेच बोललो. दोनदा.